दोन बोटं ढाळ

"एक वीट वर घ्यावा लागेल टब," मिस्त्री म्हणाला, आणि बाथरूममध्ये उकिडवा बसल्या बसल्याच त्याने पंजा जमिनीपासून उचलून ती वीट हवेत ठेवून दाखवली. उद्या जरा उशिरा येईन म्हणावं इतक्या सहज बोलला तो. ती दारात चहाचा कप घेऊन उभी होती. कप बशीत वाजला. चहा आला असं समजून मिस्त्रीने हात पुढे केला, तिने कप दिलाही. पण तिची नजर त्याच्या पंजावरून सरकून समोरच्या भिंतीवर गेली होती. तिथे खडूची एक आडवी रेघ होती. तिच्या नवऱ्याने मारलेली. चाकाच्या खुर्चीत बसून, खुर्चीच्या बैठकीला पट्टी लावून, जीभ ओठांत धरून त्याने ती ओढली होती, आणि खडू तिच्या हातात देत म्हणाला होता, "टबाचा काठ या रेघेच्या वर गेला, तर टब आणलात तसा परत न्या." अपघातानंतर इतकं लांब वाक्य तो पहिल्यांदाच बोलला होता. म्हणूनच ते वाक्य तिने जपून ठेवलं होतं, घरात मूल पहिल्यांदा उठून उभं राहिलं की तो दिवस जपतात तसं. आणि आता त्या वाक्यावर कुणीतरी वीट ठेवत होतं.

नवरा म्हणजे मास्तर. पोहण्याच्या तलावावर त्याने उभी हयात काढली. अर्धं शहर त्याच्या शिट्टीवर पाण्यात पडलं आणि त्याच्याच शिट्टीवर बाहेर आलं. लहानथोर सगळे त्याला मास्तर म्हणत, आणि लग्नानंतर तीही तेच म्हणत राहिली, कारण दुसरं काही म्हणायला जीभ वळेना. गेल्या वर्षी तलावावरच्या उंच फळीचा बोल्ट सैल वाटला म्हणून तो वर चढला आणि फळीसकट खाली आला. पाणी हातभर अंतरावर होतं. तो काठावर पडला. पाण्यात पडले असते तर हसत बाहेर आले असते, असं लोक भेटायला येऊन म्हणत, आणि तिला वाटे, हे सांगायला यांना बोलावलं कुणी होतं. कमरेखालचं अंग गेलं. वरचं मात्र होतं तसं राहिलं, ते रुंद खांदे, ते दंड, ती फासळ्यांच्या पिंजऱ्यात मावेल न मावेल अशी छाती. आणि रोज सकाळी त्या सगळ्याला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून ती आणि नणंद, दोघी मिळून आंघोळ घालत. एकीने पाठीमागून काखेत हात घालून धरायचं, दुसरीने तांब्या ओतायचा. तो डोळे मिटून घ्यायचा. साबण जाऊ नये म्हणून मिटत असेल असं तिने बरेच दिवस स्वतःला समजावलं. मग एका सकाळी, नणंद पाठ चोळत असताना, डोळे न उघडताच तो म्हणाला, "ताई, मी भांडं नाहीये घासायला." नणंदेचा हात थांबला, तांब्या तिच्या हातात तसाच राहिला, आणि त्याच्या केसांतून गळणारं पाणी तेवढं टपटपत राहिलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोमट पाण्यात पडून राहायला मिळालं तर स्नायूंना बरं. वचन देत नाही, पण बरं. त्यावरून टब आला. मास्तर आधी नाहीच म्हणाला. मग एक दिवस तो पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, हातांच्या जोरावर, कुणाला न बोलावता सरकताना तिला दिसला. घामाघूम झाला होता, पण सरकत होता. दोन्ही बैठका एका पातळीत असल्या की त्याला कुणाची गरज नव्हती. पलंग नुसता दोन बोटं उंच केला की मात्र तो मधेच अडकायचा, कंबर वर उचलली जायची नाही, आणि मग कुणीतरी काखेत हात घालायचं. म्हणून ती रेघ. रेघेपर्यंत टब असेल तर तो स्वतः आंघोळ करणार होता; भरल्या पाण्यात अंग हलकं होतं, तेव्हा परत काठावर यायला त्याचे दंड पुरे होते. रेघेच्या वर गेला तर त्याला आंघोळ घातली जाणार होती, पूर्वी स्टुलावर आणि आता टबात, एवढाच काय तो फरक. करणं आणि घालणं, यांच्यामधे मिस्त्रीचा तो पंजा होता.

मिस्त्री काही आडमुठा माणूस नव्हता. त्याने चहा पीत पीत सगळं नीट समजावून सांगितलं. बाहेरच्या भिंतीतलं पाणी जायचं भोक जमिनीच्या लगत होतं, आणि त्याच्याखाली इमारतीची काँक्रीटची तुळई गेली होती. तिला छिन्नी लावायची म्हणजे वरच्या मजल्यांना विचारून लावायची. नळ आतल्या भिंतीला, म्हणून टबाचं पाणी सोडायचं तोंडही याच टोकाला. त्या तोंडाखाली ट्रॅप हवाच. ट्रॅप म्हणजे पाईपचा तो वळलेला तुकडा, ज्यात कपभर पाणी अडून राहतं आणि गटाराचा वास घरात येऊ देत नाही. ट्रॅपने वीतभर उंची खाल्ली. मग टबाखालून पाईप पार त्या भिंतीपर्यंत न्यायचा, त्याला ढाळ हवा. ढाळ आणायचा कुठून? जमीन खाली जात नाही, म्हणजे टबानेच वर यायचं. "पाणी काय, समजावून सांगितलं म्हणून जातं होय वहिनी?" तो म्हणाला, आणि रिकामा कप त्याने मोठ्या अदबीने तिच्या हातात दिला.

तिने सांगितलं की आज काही बसवू नका, उद्या बघू. मिस्त्रीने हत्यारं पिशवीत भरता भरता विचारलं, उद्या काय ढाळ वाढणार आहे का? त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, खरीच विचारणा होती, आणि म्हणून ती जास्त लागली. कारण ढाळ हाच तिचा धंदा होता. शहराच्या पाणी आणि गटार खात्यात ती आराखडे काढायची. लांबच लांब कागदांवर नव्या वसाहतींची गटारं, त्यांची खोली, त्यांचा ढाळ, प्रवाहाची दिशा दाखवणारे बारीक बाण. ती बाण इतके सुरेख काढायची की साहेब लोक दुसऱ्यांना तिचे कागद दाखवत. हजारो घरांचं सांडपाणी तिच्या पेन्सिलीने वळवलं होतं. आणि स्वतःच्या घरातल्या एका टबाचं पाणी तिला भिंतीपलीकडे नेता येत नव्हतं. बसमधून कार्यालयात जाताना तिला रस्त्याखालचे पाईप पायांना जाणवल्यासारखे झाले. हा इथे वळतो, हा त्या चौकात मोठ्याला मिळतो. सगळं शहर आपापला ढाळ धरून मुकाट वाहत होतं. आपल्याच दाराशी ते का अडावं?

खरं म्हणजे मास्तरची आणि तिची गाठही अशीच पडली होती. तेव्हा ती नुकतीच नोकरीला लागली होती. एका दुपारी ओल्या केसांचा, खांद्यावर टॉवेल टाकलेला एक माणूस सरळ तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला, आणि केसांतलं पाणी तिच्या कागदावर पडू नये म्हणून एक पाऊल मागे सरकला. तलाव रिकामा करायला गेलं की पाणी निम्म्यावर येऊन अडतं, अशी त्याची तक्रार होती. तिने नकाशा उलगडून दाखवला, बघा, ढाळ बरोबर आहे. "तुमच्या कागदावर वाहतं हो," तो म्हणाला, "माझ्याकडे नाही वाहत. येऊन बघा एकदा." ती गेली. आयुष्यात पहिल्यांदा कागद सोडून जागेवर गेली. पंपघराच्या मागे एका हौदात तो छातीपर्यंत उतरला आणि त्याने आतून पानांचा, केसांचा, चपलांच्या पट्ट्यांचा एक भलामोठा गोळा उपसून काढला, आणि मग ते पाणी निघालं. निळं, भरलेलं, एवढं मोठं पाणी कुणीतरी बोलावल्यासारखं निघालं. ती काठावर उभी राहून बघत होती आणि तिच्या अंगावर काटा आला होता. आपण रोज कागदावर काढतो तो बाण तो हाच, हे तिला तेव्हा कळलं. नंतर लोक विचारत, मास्तरमध्ये काय बघितलंस, तेव्हा ती लाजून काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. पाणी जाताना बघितलं, असं कुणाला सांगणार?

कार्यालयात तिने वसाहतीचा कागद बाजूला सारला आणि आपलं बाथरूम काढायला घेतलं. इकडून दार, तिकडून खिडकी, हे नळ, हे भोक, ही तुळई. टब तिने वेगळ्या पारदर्शक कागदावर काढला, म्हणजे सरकवून बघता येईल. इंचभर इकडे, इंचभर तिकडे. काही होईना. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी डोकावून विचारलं की हे कुठल्या वॉर्डातलं काम, तेव्हा माझ्याच, असं ती म्हणाली. ते गंभीरपणे मान हलवून परत गेले. आणि मग, कंटाळ्याने म्हणा किंवा हात मोकळा होता म्हणून म्हणा, तिने तो वरचा कागद उचलून सरळ फिरवून ठेवला. डोक्याच्या जागी पाय, पायांच्या जागी डोकं. टबाचं पाणी सोडायचं तोंड बाहेरच्या भिंतीला जाऊन चिकटलं. टबाखालचा तो अख्खा लांब पाईपच नाहीसा झाला. ती बघत राहिली. मग नळ? नळ डोक्यामागे जातील. जाऊ देत की. येणारं पाणी जोरावर येतं, ते वळतं, चढतं, भिंतीवरून हवं तिथे नेता येतं. ढाळ लागतो तो फक्त जाणाऱ्या पाण्याला. नळाखालीच मोरी असायची ही नुसती सवय होती, तिची, मिस्त्रीची, सगळ्या जगाची. ती इतक्या मोठ्याने हसली की शेजारचे गृहस्थ पुन्हा उठले.

मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी तो कागद भिंतीला टेकवून धरला, मान तिरकी केली, मग स्वतः तिरका झाला. म्हणाला, च्यायला, आणि मग वहिनींसमोर बोललो म्हणून जीभ चावली. दोघांनी मिळून टब फिरवला. नणंद दारात उभी राहून सूचना देत होती. नणंद मास्तरहून मोठी, स्वतःचा संसार मुलासुनेवर सोपवून भावासाठी येऊन राहिलेली. तिचा या टबावर पहिल्यापासून राग. बादली काय वाईट आहे, असं तिचं म्हणणं. तिने सासऱ्यांचं सगळं बादलीवर केलं होतं, ते काही कमी पुण्यवान नव्हते. पण टब फिरल्यावर पायाकडे खिडकी आली, आणि आता पडल्या पडल्या त्याला आभाळ दिसेल, हे सगळ्यांआधी तिच्याच लक्षात आलं. मिस्त्रीने बाजारातून एक बुटका ट्रॅप आणला होता, कमी खोलीचा. तो बसवला, वायसर घातला, आटे घट्ट पिळले, पाणसळ ठेवून, तिचा बुडबुडा मधोमध आणून टब सारखा केला. टबाचा काठ रेघेला बरोबर टेकला. वर नाही, खाली नाही. तिने मास्तरला बोलावून दाखवलं नाही. आधी पाणी जाऊ दे, मग.

पाणी गेलं नाही. म्हणजे गेलं, पण कसं? आधी जरा घाईने, मग रेंगाळत, मग टबाच्या तळाशी वीतभर राहिलं आणि तिथेच थबकलं. ट्रॅपमधून एक घोगरा आवाज आला, म्हाताऱ्या माणसाने घसा खाकरावा तसा. बुडबुडे आले. मिस्त्री पालथा पडून टबाखाली बघत होता, तसाच पडून राहिला. शेवटी उठला, गुडघे झाडले, आणि पाईप अगदी सपाट जातोय असं म्हणाला. ट्रॅप बुटका असला तरी शेवटी ट्रॅपच, त्याने आपली उंची घेतलीच. "दोन बोटं," तो म्हणाला. "वीटबीट नको आता. दोन बोटं ढाळ मिळाला ना, तरी पळत जाईल. जास्त नाही मागत मी." आणि त्याने खरंच दोन बोटं धरून दाखवली, जणू तिच्या खिशात ती कुठेतरी असतील. बाहेरच्या खोलीत चाकांचा आवाज झाला. मास्तर दारापर्यंत आला असावा. तो घोगरा आवाज ज्या माणसाने आयुष्यभर ऐकला होता त्याला तो ऐकून काय झालं असेल, ते सांगायला नको. चाकं वळली आणि आवाज लांब गेला.

मिस्त्री जेवायला गेला. नणंद आत आली, टबातलं ते साचलेलं पाणी बघितलं, आणि हळू आवाजात, म्हणजे तिच्या मानाने हळू, म्हणाली, "अगं, दोनच बोटं ना? फरशीचे चार तुकडे ठेवा पायांखाली आणि व्हा मोकळे. त्याला कुठे कळणार आहे?" नणंद गेल्यावर ती टबाच्या काठावर बसली. हातात ओलं फडकं होतं. समोर भिंतीवर ती रेघ होती, साधी, जरा वाकडी, मधे खडू तुटल्यामुळे दोन तुकड्यांत. फडक्याने एक हात मारला की गेली. मग दोन बोटं वर, अशीच, जरा वाकडी, मधे तुटलेली. रेघा काढणं हाच तर तिचा धंदा. इतकी हुबेहूब काढली असती की काढणाऱ्यालाच स्वतःची वाटावी. तो रेघेकडे बघेल, काठाकडे बघेल, आणि बरोबर आहे म्हणेल. आणि मग सरकायला जाईल, आणि अडकेल. आणि तेव्हा तो रेघेला नाही, मिस्त्रीला नाही, स्वतःच्या दंडांना दोष देईल. शेवटी उरलेली एकच गोष्ट, तीही गेली असं समजेल. मग पुन्हा डोळे मिटेल. तिला ते डोळे मिटलेले दिसलेच, पाण्याचे थेंब पापण्यांवर धरलेले. फडकं तिच्या हातात गार पडत गेलं. आपण हे करू शकतो, याचं तिला भय वाटलं. करायला किती कमी लागतं, याचं त्याहून जास्त. तिने उठून फडकं खिडकीच्या दांडीवर वाळत घातलं, पदराला हात पुसले आणि ती बाहेरच्या खोलीत गेली.

तो रस्त्याकडच्या खिडकीशी होता, पाठमोरा. ती म्हणाली, "मास्तर, दोन बोटं कमी पडतायत."

"कुणाला?"

"ढाळाला. टब रेघेवर बसलाय. पण पाणी जात नाही. ट्रॅप मधे येतोय."

तिला वाटलं, आता म्हणेल की परत पाठवा. पण त्याने खुर्ची वळवली. "चल, बघू," तो म्हणाला. गेल्या वर्षभरात घरात हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. बाथरूमच्या दारात त्याने खुर्ची आडवी लावली, एका हाताने चौकट धरली आणि अंग पुढे टाकून टबाखाली बघितलं, इतकं वाकून की तिचे हात आपोआप पुढे आले आणि तिने ते परत घेतले. मग त्याने साचलेल्या पाण्यात बोटं घातली, ढवळली, खिडकीकडे बघितलं. मिस्त्री जेवून परत आला तेव्हा दोघं तशीच होती.

"मिस्त्री," मास्तरने विचारलं, "हा ट्रॅप टबाच्या खालीच का लागतो?"

मिस्त्री म्हणाला की खालीच असतो तो.

"असतो. पण का? तलावाला कुठे तळाखाली असतो? आमचा बाहेर होता, पंपघराच्या मागे, हौदात. सगळी घाण तिथे. मी उपसायचो ना." त्याने तिच्याकडे बघितलं. "हिने बघितलाय."

मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली, आणि तो उठून चालता झाला. मागचं दार वाजलं. खिडकीतून त्याचं डोकं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जाताना दिसलं, मग खाली बसल्यामुळे नाहीसं झालं. मागचा बोळ घराच्या जमिनीपेक्षा पायरीभर खाली होता. तिथेच गटाराचं चेंबर. घरात बोटाबोटाला महाग झालेली खोली भिंतीपलीकडे हवी तेवढी पडून होती, कुणी विचारायला गेलं नव्हतं इतकंच. मिस्त्री परत आला तेव्हा त्याचा चेहरा नुकतंच लग्न ठरल्यासारखा दिसत होता. टबातून पाणी सरळ भिंतीपार काढू, म्हणाला, मधे काही अडथळाच नको. ट्रॅप बाहेर बसवू, खड्डा करून, वर झाकण. वास घरात यायचा प्रश्नच नाही. फक्त एक शंका. टब आणि ट्रॅप यांच्यामधल्या तेवढ्या पाईपात साबणाचा गाळ धरतो, वापर नसला की तो कुजतो.

"मी रोज आंघोळ करणार आहे," मास्तर म्हणाला. "कुजायला त्याला सवड कधी मिळणार?"

नणंद मागून म्हणाली की लहानपणी याला आंघोळीला धरून आणावं लागायचं. आणि मास्तर हसला. मोठ्याने नाही, नाकातून, पण हसला. आणि नणंदेने पदर तोंडाला लावला, हसू दाबायला की आणखी कशाला, ते कुणी विचारलं नाही.

मग कामाला काय गती आली म्हणता. बोळात खड्डा मिस्त्री खणायला लागला, आणि त्याची माती उपसायला नणंद बसली, आपण होऊन, बादलीने. बादली वाईट नसते हे माझं म्हणणं खरंच आहे, असं पुटपुटत. मिस्त्री तिला आजी म्हणाला तेव्हा तिने त्याला ताई म्हणायला लावलं. नणंद बोळात, तर ती स्वतः आत टबाखाली आडवी पडून टॉर्च धरत होती, आणि पहिल्यांदाच पाईप तिच्या हातात होता. कागदावर तो दोन समांतर रेघा असायचा. इथे तो गार होता, आतून गुळगुळीत, कापल्या टोकाला धारदार, आणि त्याला चिकटवायच्या सोल्यूशनचा वास डोक्यात जाणारा. मिस्त्री पलीकडून पाईप ढकलायचा, ती अलीकडून ओढून घ्यायची, भिंतीच्या भोकातून एकमेकांना हाका मारत. "वर? वर नाही, खाली घ्या. वहिनी, पाणसळ काय म्हणतेय?" पाणसळीतला बुडबुडा मधली खूण सोडून तिच्या बाजूला सरकला आणि तिथेच राहिला. ढाळ बाहेरच्या बाजूला होता, स्पष्ट, उतरता, दोन बोटांपेक्षाही जास्त. कागदावर अशा जागी ती एक बारीक बाण काढायची. इथे तिने नुसतं बोट पाईपवरून भिंतीकडे ओढलं आणि टबाखालच्या अंधारात पडल्या पडल्या एकटीच हसली. केसांत सिमेंट गेलं होतं. कोपर सोलवटलं होतं. लग्नात नवरीला बसवतात तशी आपण या टबाखाली बसलोय, असं काहीतरी वेडंवाकडं तिच्या मनात आलं आणि तिने ते येऊ दिलं.

आणि गंमत पुढेच झाली. मधला ट्रॅप गेल्यामुळे टबाला आता उंचीची गरजच उरली नव्हती. मिस्त्रीने टबाच्या पायांचे आटे फिरवले, एक एक करून, चारही कोपऱ्यांनी, आणि टब खाली आला. काठ रेघेच्या खाली गेला. चांगला बोटभर खाली. खडूची रेघ वर एकटीच राहिली, आता तिला काही कामच नव्हतं. मास्तर दारातून ते बघत होता. त्याने पट्टी मागितली, खुर्चीच्या बैठकीला लावली, काठाला लावली, आणि पट्टी परत दिली. खुर्चीच्या हातावर त्याची बोटं वाजत होती, शर्यतीआधी काठावर उभ्या पोरांची पावलं वाजतात तशी.

टब भरून एकदा सोडून बघितला. पाणी गेलं, आणि मागे काही ठेवलं नाही. मग मास्तर म्हणाला की आता माझ्यासाठी भरा, आणि बाहेर जा. सगळे. नणंद म्हणाली, अरे पण पहिल्यांदा तरी. तो म्हणाला, "ताई, बाहेर." पाणी भरलं, कोमट आहे का ते तिने कोपर बुडवून बघितलं, टॉवेल हाताशी ठेवला, कपडे काढायला मदत करू का हे ओठांवर आलेलं परत गिळलं. ती दाराबाहेर उभी राहिली तर आतून आवाज आला, "दाराशीही उभी राहू नकोस. तुझी सावली दिसतेय फटीतून." कडी लागली. घरात ती कडी गेल्या वर्षभर कुणी त्याला लावू दिली नव्हती.

मग जायचं कुठे? तिघं मागच्या बोळात आली, कारण खिडकी तिकडे होती आणि ऐकतोय असं कबूल न करता तिथे ऐकता येत होतं. मिस्त्रीने निमित्त म्हणून चेंबरचं झाकण काढून ठेवलं. काही वेळ काहीच नाही. मग खुर्चीचा ब्रेक लागल्याचा आवाज. मग श्वास, जोराचा, नाकातून सोडलेला. नणंदेने तिचा हात धरला. मग काहीतरी आदळलं, जड, आणि नणंद दाराकडे निघाली. तिने नणंदेला घट्ट धरून ठेवलं, इतकं घट्ट की नणंदेच्या बांगड्या दोघींच्या हातांना रुतल्या. तिच्या स्वतःच्या डोळ्यांपुढे फळी होती, काठ होता, हातभर अंतरावरचं पाणी होतं. जायचं नाही, ती स्वतःला सांगत होती, जायचं नाही, आत्ता गेलीस तर सगळं गेलं. आणि मग पाण्याचा आवाज आला. पडल्याचा नव्हे. उतरल्याचा. कुणीतरी मोठं माणूस हळूहळू, आपल्या वजनाला वाटेल तसं, पाण्यात शिरत होतं, आणि पाणी काठावरून सांडत होतं, बाहेर फरशीवर भसाभस सांडत होतं. नंतर एक लांब, घशातून निघालेला हुंकार, आणि शांतता. मिस्त्रीने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. आयुष्य पाण्यात गेलं, तो नणंदेला म्हणाला, पण कंबरेच्या वर कधी उतरलो नाही. मास्तरांना विचारायला पाहिजे. नणंद म्हणाली, विचारा की, शिकवेल तो, तुमच्यापेक्षा भित्री माणसं शिकवलीत त्याने.

किती वेळ गेला, कुणी बघितलं नाही. पाणी हलल्याचे आवाज येत होते, मधेच साबणाचा डबा पडला, मधेच तो स्वतःशीच काहीतरी बोलला. ऊन बोळातून अर्धं सरकलं. आणि मग, आतून बुचाची साखळी ओढल्याचा आवाज झाला आणि नव्या पाईपात पाणी आलं. चेंबरच्या कडेला ते आधी गढूळ, साबणाचं, पांढरट असं आलं, मग भरून आलं, पाईपचं तोंड भरून, जोरात, थांबेल असं एकदाही न वाटता. तिघं वाकून बघत होती. सांडपाणीच ते, त्यात बघण्यासारखं काय असणार? पण नणंद हात जोडून उभी होती, आणि मिस्त्री ओठ मिटून, डोळे बारीक करून ऐकत होता, आणि तिच्या स्वतःच्या गालांवरून काहीतरी ओघळत होतं आणि तिने ते पुसलं नाही. पाणी पातळ झालं, दोरीएवढं झालं, शेवटी ट्रॅपने एक घोट गिळला आणि ते थांबलं. टब रिकामा झाला होता. कुणाच्या मदतीशिवाय, शेवटच्या थेंबापर्यंत.

मिस्त्रीने चेंबरवर झाकण ठेवलं, हात धुतले, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. येतो, म्हणाला. ती त्याला काहीतरी बोलणार होती, नीट, मनापासून, शब्द जुळवत होती. एवढ्यात खिडकीतून आवाज आला. नळाचा. आत पुन्हा नळ सोडला होता, पूर्ण.

तिघंही जागच्या जागी थांबली. "पुन्हा भरतायत," मिस्त्री म्हणाला.

"भरू दे," नणंद म्हणाली. "पाणी संपलं तर वरच्या मजल्यावरून आणीन मी, बादलीने."

मिस्त्रीने पिशवी खांद्यावरून उतरवून पुन्हा भिंतीशी ठेवली, आणि चेंबरचं झाकण उचलायला तो खाली वाकला.